गॅरेजमध्ये इंटरलॉकिंग लाद्या: मुंबईच्या पावसात टिकतील का?

साळुंकी

आमचं घर चेंबूरला, जुना बैठा बंगला. बाजूला गॅरेज, साधारण १० बाय २० फूट, पुढे रोलिंग शटर. जमीन जुन्या आयपीएसची, म्हणजे सिमेंटच्या घोटीव कोब्याची. वरचा थर झिजलाय, रोज झाडलं तरी सिमेंटची पूड निघते. गाडीखाली ऑइलचे डाग आहेत आणि मागच्या भिंतीच्या कडेने पांढरा लोणा फुटतो. आत एक छोटी गाडी, एक स्कूटर आणि मागच्या कोपऱ्यात सासऱ्यांचं सुतारकामाचं टेबल. सासरे पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. दिवसातला बराच वेळ ते तिथे उभे राहून काहीतरी बनवत असतात आणि संध्याकाळी गुडघे धरून बसतात. हे काम मी मुख्यतः त्यांच्यासाठी काढलंय.

कंत्राटदार म्हणतो, सगळं फोडा, नवा पीसीसी (साध्या काँक्रीटचा थर) घाला, वर व्हिट्रिफाइड लावू. घरात इतकी तोडफोड आत्ता शक्य नाही. म्हणून इंटरलॉकिंग लाद्या पाहून आले. एक प्रकार पीव्हीसीचा, लवचीक, वर नाण्यांसारखे गोल उठाव असलेला. दुसरा कडक प्लास्टिकचा, जाळीदार, आकडा कडीत बसवून दाबला की टक्कन बसणारा. दुकानदार दोन्हींना वॉटरप्रूफ म्हणतो.

खरी काळजी पावसाची. आमच्या समोरचा रस्ता दरवेळी नवा करताना थोडा थोडा उंच होत गेला, त्यामुळे गॅरेजची जमीन आता रस्त्यापेक्षा खाली आहे. जोराचा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की शटरखालून पाणी आत येतं. घोट्याच्या खालीच असतं आणि काही तासांत उतरतं, पण येतं. अशा ठिकाणी या लाद्या घालाव्यात का? कोणत्या? आणि घरच्या घरी बसवता येतात का? मला फिकट राखाडी रंग आवडलाय.

मुलुंडकर

घाला. माझ्या रो-हाउसच्या गॅरेजात जाळीदार पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे तुम्ही पाहिलेल्या कडक प्लास्टिकच्या आहेत, कित्येक पावसाळे झाले. मी आणि माझ्या मुलाने एका रविवारी बसवल्या, गवंडी नाही, सिमेंट नाही. गाडी धुतली की पाणी जाळीतून खाली जातं आणि पाय कोरडे राहतात.

दोन गोष्टी आधीच सांगतो. एक, दुचाकी साइड स्टँडवर लावली की सगळा भार एका बोटाएवढ्या जागेवर येतो आणि जाळीची पट्टी वाकते, कधी तुटते. स्टँडखाली लोखंडी पट्टीचा तुकडा ठेवा किंवा मेन स्टँडवर लावायची सवय करा. दुसरं, गाडी उभी असताना जागच्या जागी स्टिअरिंग फिरवू नका. चाक लादीला पिळतं आणि कड्या सुटतात. गाडी हळू सरकत असताना फिरवा.

ओळंबा

साळुंकी, मी सिव्हिलवाला आहे, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करतो. लादी कुठली घ्यायची हा प्रश्न नंतरचा. तुमच्या गॅरेजात पाणी कुठून येतं ते आधी शोधू. मुंबईत जमिनीवर दिसणारं पाणी तीन वाटांनी येतं आणि तिन्हींचा इलाज वेगळा आहे. दुकानदाराचं "वॉटरप्रूफ" म्हणजे एवढंच की लादी स्वतः पाण्याने कुजत नाही. तिच्याखाली साचलेल्या पाण्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

पहिली वाट बाहेरची. शटरखालून येतं ते. हे सगळ्यांना दिसतं, म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात.

दुसरी वाट खालून. जुन्या आयपीएसखाली प्लास्टिकचा थर घातलेला नसतो. कोब्याखालची माती पावसात भिजते आणि ओल केशवाहिन्यांसारखी कोब्यातून वर चढते. वर येऊन ती उडून जाते, पण सोबत आणलेले क्षार पृष्ठभागावर ठेवून जाते. तुमचा लोणा तोच. लोणा दिसतोय याचा अर्थ ओल आधीपासून चढतेय आणि आजवर उडून जायला तिला मोकळी जागा मिळत होती. तिच्यावर सलग, भोक नसलेली पीव्हीसी लादी घातलीत की ती वाट बंद. मग ओल खालीच कोंडते, कुबट वास धरते किंवा भिंतीत वर चढते. आज फुटाच्या आत असलेले पोपडे मग भिंतीवर आणखी वर दिसू लागतात.

तिसरी वाट हवेतली. हिच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. जूनमध्ये पहिले पाऊस पडतात तेव्हा हवा ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असणं नेहमीचं आहे. अशा हवेचा दवबिंदू २७ अंशांच्या आसपास येतो. बंद गॅरेजची, मातीला टेकलेली जमीन त्याहून थोडी जरी थंड असली तरी हवेतलं बाष्प तिच्यावर जमतं. लोक म्हणतात जमिनीला घाम सुटला. बाहेरून एक थेंब आत आलेला नसतो आणि तरी सगळं ओलं असतं.

आता चाचणी. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्या. जमीन झाडून, पुसून, पूर्ण वाळू द्या. मग तुकडा अंथरून चारही कडा रुंद चिकटपट्टीने हवाबंद करा आणि २४ तास तसाच ठेवा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब किंवा खाली कोबा काळपट झालेला दिसला तर ओल खालून आहे. वरच्या बाजूला ओलावा दिसला तर तो हवेतला. असे निदान तीन तुकडे लावा: शटरजवळ, मधोमध आणि मागच्या भिंतीशी. एप्रिलमध्ये कोरडं आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. पाऊस नीट लागल्यावर पुन्हा करायची, कारण तेव्हा जमिनीतली पाण्याची पातळी वर आलेली असते. पण एप्रिलमध्येच ओल दिसली तर निर्णय तिथेच झाला.

रानजाई

ओळंबांना दुजोरा. आम्ही विलेपार्ल्यात तळमजल्यावर राहतो. मुलगी रांगायला लागली तेव्हा तिच्या खोलीत त्या रंगीबेरंगी फोमच्या, कोड्यासारख्या जुळणाऱ्या चटया घातल्या होत्या, भिंतीपासून भिंतीपर्यंत. वरून स्वच्छ दिसायच्या, रोज पुसायचे. ऑगस्टात मुलीला सारखा खोकला. एकदा खेळणं शोधताना कडेची चटई उचलली तर खाली मोझेकवर काळी बुरशी, नकाशासारखी पसरलेली, आणि फोमची खालची बाजू बुळबुळीत. विकणाऱ्याने "सर्व ऋतूंसाठी" म्हणून गळ्यात मारल्या होत्या, नंतर फोन उचलला नाही.

खोकला त्यामुळेच होता असं डॉक्टर म्हणाले नाहीत, पण चटया काढायला त्यांनी लगेच सांगितलं. मुंबईत तळमजल्यावर जे काही जमिनीवर अंथराल ते उचलून बघता आलं पाहिजे. आणि उचलून बघितलंही पाहिजे.

डासांचंही बघा. जाळीदार लादीखाली सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पोकळी असते. जमिनीला खड्डा असेल तर त्यात स्वच्छ पाणी दिवसेंदिवस राहतं. डेंग्यूच्या डासाला तेवढं पुरतं. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. पालिकेची माणसं दर पावसाळ्यात कुंड्यांच्या ताटल्या तपासतात ती याचसाठी.

साळुंकी

सगळ्यांचे आभार. चाचणी केली, ओळंबांनी सांगितल्याप्रमाणे तीन ठिकाणी.

शटरजवळ पूर्ण कोरडं. मध्ये कोरडं. मागच्या भिंतीशी प्लास्टिकच्या आतून थेंबच थेंब, आणि पट्टी काढली तेव्हा खालचा कोबा चौकोनी काळा झालेला, कडा रेघ मारल्यासारख्या स्पष्ट. तेही ऐन उन्हाळ्यात! सासरे स्वतः वाकून बघत होते. म्हणाले, "म्हणजे माझ्या टेबलाखालीच विहीर आहे की."

मागच्या भिंतीपलीकडे आमचीच बाग आहे. भिंतीला लागून मातीचा वाफा केलाय, त्यात सोनचाफा आणि अळू.

ओळंबा

सापडलं. अळूला रोज पाणी घालत असणार. वाफ्यातली माती आतल्या जमिनीपेक्षा उंच आहे का? असेल तर भिंत बारा महिने ओल्या मातीला टेकून उभी आहे आणि पाझर सरळ आत येतोय. ओल तुमच्या पूर्ण जमिनीतून चढत नाहीये, ती भिंतीतून आणि भिंतीच्या पायाशी येतेय. ही चांगली बातमी आहे, कारण याचा इलाज लादीपेक्षा स्वस्त आहे.

भिंतीला लागून फूट-दीड फूट रुंदीची माती काढा आणि पातळी आतल्या जमिनीच्या खाली न्या. उघडी पडलेली भिंत आठवडाभर वाळू द्या. जुना भुसभुशीत गिलावा खरवडून नवा गिलावा करा, त्यात वॉटरप्रूफिंग कंपाउंड घाला, वर पॉलिमर-सिमेंटचे दोन हात द्या. मोकळ्या पट्टीत खडी भरा आणि पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार द्या. सोनचाफ्याचं खोड भिंतीपासून लांब असेल तर त्याला धक्का लावायची गरज नाही. अळू दुसरीकडे हलवा.

जवळपास टाकीच्या ओव्हरफ्लोचा किंवा एसीच्या पाण्याचा पाइप सुटतोय का तेही बघा. चेंबर किंवा गली ट्रॅप (सांडपाण्याची जाळी लावलेली कुंडी) जवळ असेल तर प्लंबरकडून गळती तपासून घ्या.

आतल्या बाजूने मात्र भिंतीला घट्ट वॉटरप्रूफ रंग देऊ नका. बाहेरून येणारं पाणी आतून अडवलं की ते भिंतीतच राहतं आणि रंग फुग्यासारखा सुटतो. आतला लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढा, पाण्याने धुऊ नका. पाण्यात तो विरघळतो, पुन्हा आत जातो आणि वाळला की परत वर येतो.

स्पॅनर

माझं गाड्यांचं काम आहे, त्या बाजूने लिहितो.

फिकट राखाडी पीव्हीसी घेऊ नका. टायरच्या रबरात तेलं आणि रबर तडकू नये म्हणून घातलेली रसायनं असतात. गाडी चालून आली की टायर गरम असतो. तो तसाच पीव्हीसीवर उभा राहिला की ही रसायनं लादीत उतरतात आणि तपकिरी-पिवळा डाग पडतो. तो डाग वर बसलेला नसतो, लादीच्या आत मुरलेला असतो. कुठल्याही साबणाने निघत नाही. पीव्हीसीच हवी असेल तर चाकांखालचे दोन पट्टे काळे किंवा गडद ठेवा. रबरी चटई पीव्हीसीवर कायमची टाकली तरी असाच डाग पडतो. पॉलिप्रॉपिलीनला हा त्रास फारच कमी.

ऑइल सांडलं तर दोन्ही पुसता येतात. पेट्रोल मात्र पीव्हीसीला मऊ करतं, लगेच पुसा. जॅक थेट लादीवर लावू नका, खाली जाड प्लायवूडचा किंवा लोखंडी तुकडा हवाच. वेल्डिंग, ग्राइंडिंग करायचं असेल तर तेवढ्या लाद्या काढून मोकळ्या जमिनीवर करा. पॉलिप्रॉपिलीन पेटतं, ठिणगीने भोक तर पडतंच.

आणखी एक. जाळीदार लादीत सुटलेला नट किंवा स्क्रू खाली गेला की अर्धी जमीन उचलायची वेळ येते. काकांच्या टेबलाभोवती बंद लाद्या घ्या. एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या बंद आणि जाळीच्या लाद्या एकमेकींत बसतात.

गिरगावकर

मधेच विचारतो. आमच्या सोसायटीत स्टिल्टखाली, म्हणजे इमारतीच्या खांबांमधल्या मोकळ्या तळमजल्यावर, माझी पार्किंगची जागा आहे. तिथे अशा लाद्या टाकल्या तर चालेल का? शेजाऱ्याने हरकत घेतली आहे.

खाडीकाठ

सोसायटीची लेखी परवानगी घेतल्याशिवाय नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० च्या निकालात स्पष्ट केलं की स्टिल्टखालची जागा हे 'गॅरेज' नव्हे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. तो खटला मुंबईतल्याच एका सोसायटीचा होता. पुढे २०१६ च्या रेरा कायद्याने गॅरेजची व्याख्या केली: वर छप्पर आणि तीन बाजूंनी भिंती. तुमची जागा तुम्हाला वापरायला दिलेली आहे, जमीन सामाईक आहे. शिवाय स्टिल्टच्या जमिनीला एका बाजूला उतार असतो आणि तुमच्या लाद्यांच्या कडेने शेजारचं पाणी अडलं तर त्याची हरकत रास्त आहे. कमिटीला पत्र द्या, कडेला उतरत्या पट्ट्या लावणार आणि सांगाल तेव्हा काढून घेणार असं लिहा. न चिकटवलेल्या लाद्यांना कमिटी सहसा तयार होते.

गिरगावकर

कळलं, पत्र देतो.

साळुंकी

बाहेरच्या भिंतीचं काम झालं. माती जवळजवळ फूटभर उंच निघाली! टेबलाजवळची चाचणी पुन्हा केली, थेंब अजून आहेत पण पूर्वीपेक्षा बरेच कमी. भिंत वाळायला वेळ लागेल असं ओळंबांनी फोनवर सांगितलं.

सगळं वाचून ठरवलं: पूर्ण गॅरेजला जाळीदार पॉलिप्रॉपिलीन, टेबलापुढच्या जागेत बंद लाद्या, सगळ्या गडद राखाडी. सासऱ्यांच्या गुडघ्यांचं काय? कडक प्लास्टिकवर उभं राहून फरक पडेल का?

आणि बसवायचं कसं ते सविस्तर सांगा ना.

स्पॅनर

गुडघ्यांना कडक लादीने फरक पडणार नाही. टेबलापुढे उभं राहायच्या जागी जाड रबरी चटई टाका, कारखान्यात मशीनवर उभे राहणाऱ्या कामगारांना देतात तशी. नागदेवी स्ट्रीटवर रबराची दुकानं आहेत, हाताने दाबून बघून घ्या. फार मऊ नको, पाय रुतला की उलट थकवा येतो. कडा उतरत्या हव्यात, नाहीतर काका अडखळतील. रात्री भिंतीवर टांगून ठेवा म्हणजे खाली ओल धरणार नाही.

मुलुंडकर

आधी मोजणी. १० बाय २० फूट म्हणजे ३.०५ बाय ६.१ मीटर. लादी ३०० मिलीमीटरची असेल तर रुंदीत १० आणि लांबीत २०, एकूण २००. एकही लादी कापावी लागत नाही, रुंदीत दोन्हीकडे अडीच सेंटिमीटर आणि लांबीत दोन्हीकडे पाच सेंटिमीटर मोकळी जागा उरते. पीव्हीसीची ५०० मिलीमीटरची घेणाऱ्यांसाठी ६ गुणिले १२, म्हणजे ७२. पण खोक्यावर लिहिलेल्या मापावर जाऊ नका. काही कंपन्यांची लादी ३०५ ची असते, काहींची ३३३ किंवा ४०० ची. दुकानातच दहा लाद्या एका रांगेत जोडून टेपने मोजा. आणि जुनी गॅरेजं काटकोनात नसतात. दोन्ही कर्ण मोजा, फरक आला तर कुठल्या भिंतीकडे कापायचं ते आधीच ठरेल. दहा-बारा लाद्या जास्तीच्या घ्या, नंतर तोच रंग मिळेल याची खात्री नाही.

शटरकडून सुरुवात करा, कारण पूर्ण लादी दिसायला तिथे हवी. खडूच्या दोरीने भिंतीला नव्हे, शटरला काटकोनात रेघ मारा. कड्यांची बाजू एकाच दिशेला, तुमच्याकडे येईल अशी ठेवा. नवी लादी वरून आकडे टेकवून तळपायाने दाबा किंवा रबरी हातोडीने ठोका. लोखंडी हातोडी वापरली की आकडा तुटतो. पहिली रांग आणि पहिला स्तंभ असा इंग्रजी एल अक्षरासारखा पूर्ण करा, मग आतलं भरत जा. हे दोन हात सरळ असले की बाकीचं चुकत नाही.

ओळंबा

मुलुंडकरांनी मोकळ्या जागेचं लिहिलं, तिचं कारण सांगतो. पॉलिप्रॉपिलीन दर १० अंशांना मीटरमागे साधारण एक ते दीड मिलीमीटर लांब होतं. जानेवारीच्या पहाटे लादी १८ अंशांवर असेल आणि मेच्या दुपारी शटर तापल्यावर ३५ च्या वर जाईल. सहा मीटरच्या गॅरेजात हा फरक एक-दीड सेंटिमीटर होतो. भिंतीला भिडवून बसवलेली जमीन मग मधोमध उचलली जाते आणि त्यावर पाय ठेवला की खटखट वाजते. मोकळी जागा सिलिकॉनने किंवा सिमेंटने भरू नका. दिसायला नको असेल तर भिंतीला पट्टी लावा, लादीला नको.

आणि साळुंकी, लाद्या टाकण्याआधी जमिनीतले खड्डे बुजवा. बादलीभर पाणी शटरच्या विरुद्ध टोकाला ओता आणि ते कुठे थांबतं ते खडूने गोल करून ठेवा. रानजाईंनी सांगितलेला डास तिथेच होणार. ते गोल खरवडून, पॉलिमर घातलेल्या मॉर्टरने भरा. तीन मीटरला तीन सेंटिमीटर, म्हणजे शंभराला एक, एवढा उतार बाहेरच्या दिशेने मिळाला तर उत्तम, पण जुन्या आयपीएसमध्ये तेवढा मिळत नाही. निदान पाणी अडता कामा नये.

शटरचं विसरू नका. लादी सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाड आहे. शटरची खालची पट्टी लादीवर टेकली तर जाळीतून पाणी आणि झुरळं दोन्ही आत. लाद्या शटरच्या आतच संपवा, कडेला उतरती पट्टी, आणि शटर मूळ जमिनीवर टेकू द्या. शटरबाहेर तोंडाशी आडवी जाळीची चॅनल करून ती पावसाळी गटाराला जोडा, मलवाहिनीला नव्हे. भरतीच्या वेळी तुमच्या गटारातूनच पाणी उलटं येत असेल तर त्या जोडावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) लागेल. समुद्राची भरती साडेचार मीटरच्या वर जाणाऱ्या दिवसांची यादी पालिका दर पावसाळ्याआधी जाहीर करते. ती गॅरेजच्या दारावर चिकटवून ठेवा. त्या वेळांना गटारं समुद्रात मोकळी होत नाहीत, म्हणून त्याच वेळी मोठा पाऊस आला तर पाणी चढणारच. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पडला होता, त्याला कुठलीही चॅनल पुरणार नाही. पण नेहमीच्या घोटाभर पाण्याला पुरते.

पाणबुडी

धागा सुरेख चाललाय. माझा प्रश्न जरा जड आहे. दादरला, हिंदमाताच्या बाजूला, आमच्या कुटुंबाचं स्टेशनरीचं दुकान आहे आणि खाली तळघर. पूर्वी तिथे कागदाची रिमं असायची. आता जमिनीला पावसाळ्यात बारीक बारीक पाणी सुटतं, मधल्या सांध्यांतून. कुणीतरी क्लिकच्या व्हिनाइल फळ्या सुचवल्या, एसपीसी म्हणतात त्या. पाण्याने फुगत नाहीत म्हणे. घालू का?

ओळंबा

नको. अगदी ठामपणे सांगतो, नको.

फळी फुगणार नाही हे खरं आहे. पण तुमचं पाणी ओल नाही, दाबाचं पाणी आहे. तळघराची जमीन भूजलाच्या पातळीखाली गेली की दर मीटर खोलीला सुमारे १० किलोपास्कल दाब खालून वर येतो, म्हणजे चौरस मीटरला एक टन. तो सिमेंटच्या सांध्यातून वाट काढतोय. त्याच्यावर फळ्या घातल्या तर पाणी खाली पसरेल, सडेल, आणि तुम्हाला कळेल तेव्हा भिंतीकडेची मालाची पेटी भिजलेली असेल. आज तुम्हाला सांधा दिसतो तरी आहे, फळ्यांखाली तोही दिसणार नाही.

मुंबईत जुन्या तळघरांना बाहेरून शहाबादी फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग करत. खड्डा खणतानाच तळाला आणि भिंतींच्या बाहेरून फरशीची पेटी करायची, सांधे ग्राउट करायचे आणि त्या पेटीत काँक्रीटचं तळघर ओतायचं. ती पेटी कुठे तडकली की नंतर बाहेरून पोचता येत नाही, कारण बाजूला दुसऱ्याची इमारत उभी असते. आता तुमच्या हातात आतून करायचे उपाय आहेत: सांध्यांत नोझल बसवून पीयू (पॉलियुरेथेन) इंजेक्शन, मग स्फटिकं तयार करणारं सिमेंटी लेपन, आणि तरीही सुटेल त्या पाण्यासाठी कडेने छोटी नाली, कोपऱ्यात खड्डा आणि त्यात आपोआप चालू होणारा पंप. पंपाला इन्व्हर्टर जोडा. वीज नेमकी मोठ्या पावसात जाते.

हे सगळं झाल्यावर, एक पूर्ण पावसाळा कोरडा गेल्यावर, जाळीदार लाद्या टाका. तेव्हाही माल लाद्यांवर नको, सहा इंच उंच रॅकवर.

पाणबुडी

मोठा खर्च आहे, पण निदान कळलं की फळ्यांवर पैसे घालवून काही होणार नव्हतं. हिंदमातासाठी पालिकेने परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली आणि दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली साठवण टाक्या केल्या. रस्त्यावरचं पाणी लवकर ओसरावं म्हणून. तळघराला त्याचा उपयोग होईल का?

ओळंबा

दुकानाच्या पायरीवरून आत ओतणारं पाणी कमी होईल, तो फायदा आहेच. जमिनीतली पातळी टाक्यांनी खाली जात नाही. इंजेक्शन तरीही लागेल. मे संपायच्या आत सुरू करायचं असेल तर मला मेसेज करा. नाहीतर दिवाळीनंतर. भर पावसात कुणी करून देतो म्हणाला तर गळती कुठे आहे ते तेवढं दाखवून घ्या.

साळुंकी

ऑगस्ट उजाडलाय, म्हणून कळवते. लाद्या मे महिन्याच्या शेवटी घातल्या. मी, नवरा आणि सासरे. सासऱ्यांनी शटरकडच्या रेघा मारल्या, सुतारकामाच्या गुण्याने, आणि कर्ण तीन तीनदा तपासायला लावले. मागे भिंत किंचित तिरकी होती, तिथली एक रांग करवतीने कापली.

जुलैच्या उधाणात पाणी आलं. चॅनल आणि शटरबाहेरचा छोटा उंचवटा यांमुळे फार कमी आलं, पण आलं. लाद्यांच्या वर एक थेंब नाही, सगळं जाळीखालून वाहत शटरकडे परत गेलं. दुसऱ्या दिवशी कडेच्या दोन रांगा उचलल्या तर खाली पातळ चिखलाचा थर बसला होता आणि एका लादीच्या कडीत झाडाची पानं अडकली होती. मागच्या भिंतीशी लोणा या वर्षी बोटभर उंचीचाच आहे. टेबलाजवळ कुबट वास येत नाही, हे घरातल्या सगळ्यांच्या लक्षात आलंय. सासरे चटईवर उभे राहतात. गुडघेदुखी पूर्ण थांबलीय असं नाही म्हणत, पण संध्याकाळी शेक मागत नाहीत.

चिखल कसा काढायचा? सगळ्या २०० उचलायच्या का?

रानजाई

काकांचं ऐकून फार बरं वाटलं! चिखलाला हात लावण्याआधी गमबूट आणि रबरी हातमोजे घाला. रस्त्यावरचं पाणी आत आलं म्हणजे उंदरांचं मूत्र त्यात आलं असं धरूनच चालायचं. पायाला चीर असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसच्या तापाचा) धोका खरा आहे. कुणी तसंच त्या पाण्यात चाललं असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा. प्रतिबंधक गोळी सुरुवातीच्या दिवसांतच घ्यायची असते आणि ती त्यांनीच ठरवायची.

मुलुंडकर

सगळ्या उचलू नका. मध्ये एक आडवी रांग सोडवा, म्हणजे जमिनीचे दोन तुकडे होतात. पाच-सहा लाद्यांचे पट्टे एकमेकींत जोडलेलेच सतरंजीसारखे उचलून भिंतीला उभे करा. खाली खराटा आणि नळीने धुवा, ब्लीचिंग पावडरचं पाणी फिरवा, अर्धा तास ठेवून परत धुवा. ब्लीचिंगमध्ये फिनाइल किंवा अ‍ॅसिड मिसळू नका, आणि शटर उघडं ठेवा. लाद्या उलट्या करून खालच्या बाजूनेही नळी मारा. पूर्ण सुकल्यावरच परत टाका. मी पावसाळ्यात महिन्यातून एकदा कडेच्या रांगा उचलून बघतो आणि सगळ्या लाद्या दसऱ्याच्या आधी काढतो.

स्पॅनर

आणि चाकांखालच्या लाद्या तेव्हाच शटरकडच्या आणि मागच्या अदलाबदल करून टाका. झीज सारखी होते. स्कूटरच्या स्टँडखालची लादी तडकली असेल तर जास्तीच्या दहा-बारांतली एक तिथे घाला, आणि या वेळी खाली लोखंडी पट्टी ठेवाच.